घाटात वाजणारा फोन आणि अण्णांची पायपेटी

मी नगर जिल्हा पाहिला तो बराचसा उलटा. टेम्पोच्या मागच्या हौद्यात, केबिनला पाठ लावून, मागे पळणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. त्यामुळे येणारं गाव मला दिसायचं नाही, गेलेलं मात्र प्रत्येक दिसायचं. मिरजेला परतल्यापासून लोक विचारतात, किल्ला पाहिलात का, चांदबीबीचा महाल पाहिलात का. महाल पाहिला. लांब डोंगरावर होता आणि लहान लहान होत गेला.

जाण्याचं कारण एक पायपेटी. आमचं मिरजेत पेट्या दुरुस्त करायचं दुकान आहे. दुकान अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. मी तिथं वीस वर्षं काम करतोय, तरी गिऱ्हाईक पायरी चढलं की माझ्याकडे बघून "आहेत का?" असंच विचारायचं. गेल्या उन्हाळ्यात शेवगावच्या पुढच्या एका खेड्यातल्या चर्चमधून ही पायपेटी आली. पायांनी भाता हाणायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायची, अशी लहान कपाटाएवढी पेटी. पाठवणाऱ्या सुशीलाबाई, गावातल्या निवृत्त शिक्षिका, चाळीस वर्षं ती पेटी वाजवत आलेल्या. सोबत चिठ्ठी होती, 'नाताळला पेटी हवी.' अण्णांनी उलट टपाली कळवलं, 'नाताळला पेटी वाजेल.' गणपतीच्या सुमारास त्यांनी शेवटचा सूर लावला, पेटी बंद करून वर चादर घातली, आणि दसऱ्याच्या आत ते गेले.

अण्णा सूर लावायचे ते कानाने. दुसरं यंत्र त्यांनी दुकानात येऊ दिलं नाही. ते सूर त्यांचं शेवटचं काम. वाटेत पेटी आपटली आणि आतली सूर देणारी एखादी पितळी रीड हलली, तर ती मला उघडून माझ्या कानाने पुन्हा लावावी लागणार होती. ते मला करायचं नव्हतं. अण्णांच्या शेवटच्या सुरांना दुसऱ्या कुणाचा, अगदी माझाही, हात लागू नये एवढीच इच्छा होती, आणि त्यासाठी मी त्या पेटीला बिलगून कुठवरही बसायला तयार होतो.

पेटी नेण्याचा अण्णांचा नियम घरात सगळ्यांना पाठ आहे: पाठीला पाठ, पोटाला गादी, डोक्यावर हवा. म्हणजे पेटीची पाठ केबिनच्या पाठीला टेकवायची, पुढून गादी लावायची आणि वर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. हा नियम मोडून नेलेल्या पेट्या परत आमच्याकडेच यायच्या.

नगर, २३ डिसेंबर १९९८

रेल्वेचा भाग सोडून देतो. त्यात पेटी सामानाच्या डब्यात होती आणि माझा जीवही तिथेच होता.

स्टेशनवर विल्सन आला होता. हा सुशीलाबाईंचा भाचा, एमआयडीसीत नोकरीला. त्याच्या कमरेला कातडी खोक्यात मोबाईल फोन. मिरजेत मी तोवर एका डॉक्टरांच्या कमरेला पेजर पाहिला होता, त्याच्यापुढे आमची मजल नव्हती. विल्सनचा फोन साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढा होता, आणि तो काढताना तो देवाची मूर्ती काढावी तसा दोन्ही हातांनी काढायचा.

"मावशी रोज तीनदा पेटीची चौकशी करते," तो म्हणाला. "उद्या हा फोन तुमच्याबरोबर टेम्पोत द्यायचा असं तिनं ठरवलंय. ती गावातल्या एसटीडी बूथवरून करेल. वाजला की हिरवं बटण. बाकी कशाला हात लावू नका."

जेवायला शेंगोळे होते. हुलग्याच्या पिठाची वेढणी, लसूण घातलेल्या झणझणीत रश्शात शिजवलेली. मी पहिल्या घासालाच बोलून गेलो की आमच्याकडे हुलगे बैलाला घालतात. विल्सनची बायको आत गेली. मी ताट चाटूनपुसून स्वच्छ केल्यावर मात्र पातेलं घेऊन आली आणि अगदी आदराने म्हणाली, "बैलाला आणखी वाढू का?" मी वाढून घेतलं.

"सकाळी आठला रावसाहेब येतील," विल्सनने झोपताना सांगितलं. कुणी मोठे अधिकारी पेटी बघायला येणार असं समजून मी इस्त्रीचा सदरा काढून ठेवला.

२४ डिसेंबर, नगर ते इमामपूर घाट

रावसाहेब टेम्पोचा ड्रायव्हर निघाला. तिशीचा, गळ्यात मफलर, अंगात बनियन. या जिल्ह्यात हुद्दा नोकरीत मिळवावा लागत नाही, बारशालाच देऊन टाकतात. त्या एका दिवसात मला पुढे दोन भाऊसाहेब भेटले, त्यातला एक पंक्चर काढत होता.

"पाव्हनं, पेटी हीच व्हय? मला वाटलं हातात धरायची अस्ती."

पाठीला पाठ लावली, पोटाला गादी लावली, दोन दोर आवळून बांधले. मी हुश्श करतोय तोच रावसाहेबची आत्या आली. साठीची, नऊवारी, हातात बांबूचं डालगं, डालग्यात चार कोंबड्या. तिला वाटेत मिरीला लेकीकडे सोडायचं होतं. रावसाहेबने डालगं उचललं आणि थेट पेटीवर ठेवलं. मी म्हटलं, डोक्यावर फक्त हवा.

"कोंबडीत दुसरं काय अस्तं?" रावसाहेब म्हणाला, पण त्याने डालगं खाली घेतलं आणि पेटीच्या शेजारी टेकवलं.

मग त्याने मागचा फाळका वर केला, आकडा अडकवला आणि निघाला. आकड्यातली खिट्टी घातलीच नाही. ती नसली की खड्ड्यात आकडा निसटतो आणि फाळका खाली पडतो, हे मिरजेत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी विचारलं तर म्हणाला, "घालत न्हाई."

कारण त्याचं गाव. सोनईजवळचं ते, जिथं घरांना दारं नाहीत आणि कपाटाला कुलूप नाही. देव राखतो अशी श्रद्धा, आणि लोक पिढ्यान् पिढ्या तसे राहतात.

"घराला कडी न्हाई आन टेम्पोला खिट्टी घालू?" तो म्हणाला. "गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई मला."

आमच्या दुकानाला तीन कुलपं. अण्णा प्रत्येक कुलूप तीनदा ओढून बघायचे आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. अशा घरातल्या माणसाने श्रद्धेबद्दल काय बोलायचं? मी हौद्यात चढलो आणि पेटीशेजारी केबिनला पाठ लावून बसलो. माल वाहायच्या जागी माणसाने बसू नये हा कायदा मला माहीत होता, पण कायदा अण्णांनी केलेला नव्हता.

मी मागे आणि तो पुढे, तेव्हा निरोपाची सोय हवी. रावसाहेबने केबिनच्या पत्र्यावर बोट वाजवून दाखवलं. "येक ठोका, थांब. दोन ठोके, चला. एस्टीची घंटी अस्ती तसंच."

"आणि तीन?"

"तीन कुनी मारत न्हाई."

मोबाईल त्याने समोर देवाच्या तसबिरीपाशी ठेवला. नवी वस्तू म्हणून त्याला हळदकुंकू लावलं होतं आणि एक झेंडूचं फूल वाहिलं होतं.

नगरात फोन तीनदा वाजला. प्रत्येक वेळी रावसाहेब एका हाताने गाडी चालवत "हालो, पेटी बरी हाय" म्हणायचा आणि टेम्पो थोडा डावीकडे जायचा. गाव संपलं तशी रेंज गेली. जेऊरपर्यंत शांतता होती. दोन्हीकडे गुडघ्याच्या वर आलेली ज्वारी, मध्येच कांद्याचे हिरवेगार वाफे, आणि रस्त्यावर ऊस भरलेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. मला बरं वाटत होतं. दोरांची गाठ मी दर मैलाला चाचपत होतो आणि ती जागेवर होती.

पण या रेंजची एक खोड आहे, ती सपाटीवर सापडत नाही. ती उंचावर राहते. बाईंनी बिचाऱ्यांनी बूथवर तासभर नंबर फिरवला असेल, आणि तो लागला तो नेमका आम्ही इमामपूर घाटात, वळणावर, पुढे उसाचा ट्रॅक्टर असताना.

केबिनच्या मागच्या खिडकीतून मला आवाज येत होता. "हालो. व्हय बाई. बरी हाय. न्हाई, पाऊस न्हाई. न्हाई, आडवी न्हाई, उभीच हाय." एवढ्यात टेम्पो खड्ड्यात गेला, आकडा निसटला आणि फाळका धाडकन खाली लोंबला. समोर नुसता रस्ता. पुढे चढ होता, त्यामुळे हौद्यातलं सगळं रस्त्याकडे घसरू लागलं. डालगं उलटंपालटं झालं. दोनांतला एक दोर सैल झाला, पेटी वीतभर सरकली आणि तिच्या पाठीमागे पडलेल्या फटीत कोंबड्या पंख फडफडवू लागल्या.

मी पायांनी आणि एका हाताने पेटीला मिठी मारली आणि दुसऱ्या मुठीने पत्रा बडवायला लागलो. ठोके मोजण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. धाडधाड, धाडधाड, धाडधाड. रावसाहेबला ऐकू आलं: चला, चला, चला. त्याने गाडी दामटली.

मागून दुधाच्या किटल्या लावलेला एक मोटारसायकलवाला येत होता. तो हात हलवून मला खुणेने सांगत होता की फाळका उघडा आहे. तेवढी माहिती मला होती.

शेवटी आत्याने मागे वळून पाहिलं. तिने काय केलं ते मला नंतर समजलं, तेव्हा फक्त ऐकू आलं. तिने रावसाहेबच्या हातातून फोन ओढून घेतला आणि त्यात म्हणाली, "बाई, तुला पेटी पायजे का पेटीची खबर? दोन्ही मिळायचं न्हाई. ठिव आता." आणि मोकळ्या हाताने रावसाहेबच्या पाठीत एक धपाटा घातला. एकच. टेम्पो थांबला.

मी खाली उतरलो. पेटी हौद्यातच होती, एक कोपरा घासला होता. आतलं काय झालं ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि उघडायचं तर मला नव्हतं. मी रावसाहेबवर जो ओरडलो तसा मी बायकोवर, मुलांवर, गिऱ्हाइकावर कधी ओरडलो नाही. अण्णा गेले ते सांगितलं, सुरांचं सांगितलं, आणि शेवटी नाक ओढत दगडावर बसलो.

रावसाहेब खाली मान घालून ऐकत होता. "तुमच्या वडलांचं हुतं हे म्हायती न्हवतं," तो म्हणाला. "चुकलं, पाव्हनं. पर खिट्टी मी कशी घालू?"

निवाडा आत्याने केला. पळालेली कोंबडी काखेत धरूनच केला. "देवानं घरं राखायचं कबूल केलंय. टेम्पोचं त्याला कोन इचाराया गेल्तं? आन ही पेटी तुझी हाय का? लोकाची वस्तू हाय. लोकाची वस्तू बांधून न्यायची. तुझी अस्ती तर सोडून दे म्हनले अस्ते."

रावसाहेब केबिनकडे गेला. मग त्याने सीटखालच्या डब्यातून तेलकट कागदाची पुडी काढली. आत खिट्टी होती, गाडी घेतली त्या दिवसापासून कोरी करकरीत. ती त्याने कपाळाला लावली, गाव ज्या दिशेला होतं तिकडे तोंड करून हात जोडले, आणि आकड्यात घातली.

फोनचा निकालही आत्यानेच लावला. तो तिने डालग्यात, कोंबड्यांच्या खाली, गवतात ठेवला. "वाजला की गाडी कडंला घ्यायची, उतरायचं, कोंबडी उचलायची, मंग बोलायचं. ज्याला हे करायचं न्हाई त्याचं काम तेवढं निकडीचं न्हाई."

पांढरीपूल, मिरी आणि पुढे

पांढरीपुलाला भेळ खाल्ली. आमच्या सांगली-मिरजेच्या माणसाला भडंगाचा अभिमान असतो, त्यामुळे मी दुसऱ्याच्या भेळेला सहसा बरं म्हणत नाही. इथली दोनदा घेतली आणि तरीही बरं म्हटलं नाही.

तिथे एकदा फोन वाजला. डालग्यातून आधी घंटी, मग चारी कोंबड्यांचा आरडाओरडा. रावसाहेबने शिस्तीत एक एक कोंबडी उचलून माझ्या हातात दिली आणि चौथी उचलेपर्यंत फोन बंद झाला. आत्या म्हणाली, बघा, निकडीचा नव्हता.

मिरीला आत्या उतरली. जाताना मला म्हणाली, "आता पुढं बसा. बांधलंय तर राखायचं कशाला, आन राखायचंच हुतं तर बांधलं कशाला?" मी दोर एकदा चाचपला आणि पुढे बसलो. जिल्हा पहिल्यांदा सुलटा दिसला. कापसाच्या शेतांतून बाया वेचणीला वाकलेल्या होत्या, समोरून येणारं गाव आधी दिसत होतं आणि मग येत होतं. रावसाहेब दोन्ही हात चाकावर ठेवून इतका हळू चालवत होता की दोन सायकली आमच्या पुढे गेल्या. फोन एकदाही वाजला नाही. इतका सुखाचा प्रवास का होतोय, याचा आम्ही दोघांनीही विचार केला नाही.

बाईंचं गाव

सुशीलाबाई बूथच्या पायरीवरच उभ्या होत्या. लहानखुऱ्या, पांढरं लुगडं, जाड भिंगांचा चष्मा. माझ्याशी बोलण्याआधी त्या हौद्यापाशी गेल्या आणि पेटीच्या लाकडावर हात फिरवला. घासलेला कोपरा त्यांना लगेच सापडला.

"मी किती फोन केले," त्या म्हणाल्या. "वाजतोय आणि कुणी उचलत नाही. मी तर देवाला सांगून ठेवलं होतं की माणसं वाचव, पेटी गेली तर गेली. मग वाटलं, पेटीचंही थोडं बघ."

तेव्हा आमच्या ध्यानात आलं की डालगं आत्याबरोबर मिरीला उतरलंय. संध्याकाळच्या एसटीने विल्सन आला, त्याला ते सांगावं लागलं. तो कट्ट्यावर बसला तो बराच वेळ उठला नाही. रावसाहेब त्याला म्हणाला, "आत्याकडं हाय म्हंजे कुलपात हाय." त्याच्या तोंडून हा शब्द ऐकून मला बरं वाटलं.

गावातले लोक चर्चला देऊळच म्हणतात. सहा जणांनी पेटी देवळात नेली. बाईंनी बसून भाता भरला आणि डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबत गेल्या. सूर एकामागून एक येत होते, स्वच्छ, गोल, अण्णांचे. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. मधल्या सप्तकात पंचमावर बाईंचं बोट आलं आणि काहीच वाजलं नाही. नुसती हवा गेली.

त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा हवा.

"रीड हलली असेल," मी म्हणालो. "उघडून लावावी लागेल." आणि तिथेच उभा राहिलो. पेचकस खिशात होता, हात जात नव्हता. मी बाईंना खरं ते सांगून टाकलं.

"उद्याच्या पहिल्या गाण्यात हा सूर पहिल्याच ओळीत आहे," त्या म्हणाल्या. "पण आज राहू द्या. सकाळी बघा. नाही जमलं तर मी तेवढा सूर तोंडाने म्हणेन."

२५ डिसेंबर

सकाळी देऊळ भरलं. बाया नव्या लुगड्यांत, माणसं पटके आणि टोप्या घालून, लांबलांबच्या वस्त्यांवरून आलेली. उपासनेला थोडा वेळ होता. मी पेटीमागे मांडी घालून बसलो आणि पेचकस काढला. तो अण्णांचा, त्याच्या मुठीला त्यांच्या अंगठ्याचा खड्डा पडलेला आहे. माझा अंगठा त्यात बसत नाही. मागची फळी काढली, पंचमाची जागा शोधली, श्वास धरला.

रीड जागच्या जागी होती, केसभरही हललेली नव्हती. तिच्या फटीत बारीकसं तांबूस पीस अडकलं होतं. कोंबडीचं.

मी चिमट्याने ते ओढून काढलं. रीडला हात लावावा लागला नाही. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत. शेजारी रावसाहेब उकिडवा बसला होता. त्याने पीस हातात घेतलं आणि म्हणाला, "ही तांबडीच आसल. लई फडफडत हुती."

त्याच वेळी दारात आत्या आली. मिरीहून पहिल्या एसटीने, डोक्यावर डालगं. तिने देवळाबाहेर चपला काढल्या, डालगं विल्सनपुढे ठेवलं, तांबडी कोंबडी उचलली आणि गवतातून फोन काढून दिला. फोनशेजारी एक अंडं होतं. "रातभर बसून हुती त्याच्यावर," ती म्हणाली. "मी उठवली न्हाई." विल्सनने फोन पुसला, कानाला लावला, आणि मग कुणी न सांगताच बंद करून खिशात टाकला.

फळी लावली. सगळे उभे राहिले. बाईंनी पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. पंचम लागेल की नाही हे मी अजून ऐकलं नव्हतं. देवळात इतकी माणसं आणि कुणीही खोकत नव्हतं.

मी हात पुढे केला आणि अण्णांच्या पेटीवर बोटाने ठोका दिला. एक. मग दुसरा.

"चला," मागून रावसाहेब हळूच म्हणाला, आणि बाईंनी भाता भरला.